जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेनं कोणत्या स्पर्धेवर जोर द्यावा?

आजरा तालुक्यातली आठवीपर्यंतची शाळा, आठवीत जेमतेम 11 मुलं, आणि क्रीडा स्पर्धांपासून विज्ञान प्रदर्शनापर्यंत सगळं तीन शिक्षकांवर. अशात कशावर जोर द्यावा, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घरातल्या मुलांसाठी आठवीत होणारी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढ्यावर मुलीची बारावी होते.

बाकीचं सोडू नका. इन्स्पायर या केंद्राच्या विज्ञान-कल्पनांच्या स्पर्धेला पाच कल्पना जरूर पाठवा. निवडलेल्या मुलाच्या खात्यावर 10,000 रुपये येतात. फक्त ज्वालामुखीची प्रतिकृती नको. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याचे हात भाजू नयेत म्हणून काय करता येईल, असलं काहीतरी पोरांनाच सुचू द्या.

आता एनएमएमएस. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातीला 50) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला ऑगस्टमध्येच काढायला सांगा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सेतूत रांग लागते आणि पालकांची एका दिवसाची मजुरी बुडते.

पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. मुलं गणितावर जीव काढतात आणि इतिहास-भूगोलाचे 30 प्रश्न वाऱ्यावर सोडतात. खरी गुणांची बेरीज तिथंच आहे. बौद्धिक क्षमता चाचणीसाठी जुलैपासून रोज अर्धा तास पुरतो. पेपर हातात आला की कच्च्या कामाच्या जागेत आधी ए ते झेड, त्याखाली 1 ते 26, त्याखाली 26 ते 1 लिहायची सवय लावा. दोन मिनिटं जातात, पण सांकेतिक भाषेचे प्रश्न चुकत नाहीत. फाशांचे प्रश्न फळ्यावर कळत नाहीत, पुठ्ठ्याचे फासे करून हातात द्या.

उत्तरपत्रिकेचा सराव वेगळा घ्या. एखादा प्रश्न सोडला की पुढचं उत्तर त्याच ओळीत रंगवलं जातं आणि तिथून खाली सगळं सरकतं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही ओळ मोकळी ठेवायची नाही. दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक जुळवून बघायला शिकवा.

निवड होऊनही पैसे न मिळण्याचं मोठं कारण मात्र परीक्षेनंतरचं आहे. तुमची शाळा आठवीला संपते. मूल नववीला हायस्कूलला जातं आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरचा पहिला अर्ज नववीतच भरावा लागतो, त्याची पडताळणीही त्या हायस्कूलच्या लॉगिनमधून होते. तिथल्या सरांना हे मूल निवड झालेलं आहे हेच माहीत नसतं. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर निकालाची प्रत हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या हातात द्या. आधार, रजिस्टर आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. आधार खात्याला जोडलेलं आहे का, हे बँकेत विचारा. ओटीपी येणारा नंबर चार वर्षं बदलायचा नाही, हे पालकांना बजावून सांगा.

अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. दहावीत 60 टक्के (अनुसूचित जाती-जमातीला 55) लागतात, आणि अकरावीला विनाअनुदानित कॉलेज घेतलं तर शिष्यवृत्ती थांबते. कॉलेज निवडायच्या आधी पालकांना हे कळायला हवं.

पात्र होऊनही निवड यादीत नाव नसेल, तर मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा, तोही हायस्कूलमार्फत. त्यामुळे नुसत्या पात्र ठरलेल्या मुलांचे निकालही जपून ठेवा आणि दाखल्याबरोबर पाठवा.