ॲस्टेरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरच्या आयव्हीआरमध्ये (फोनवर आपोआप ऐकू येणाऱ्या सूचनांमध्ये) माझी वेव्ह फाइल वाजत नाही, कॉम्प्युटरवर मात्र नीट वाजते. असं का?

वेव्ह हे फक्त वेष्टन आहे, आत काय भरलंय ते तपासा. रेकॉर्डिंग बहुधा ४४१०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने), स्टिरिओ असणार. ॲस्टेरिस्कला साध्या वेव्हमध्ये ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो पीसीएमच (न दाबलेला डिजिटल आवाज) लागतं. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये मोनो करून त्याच मापात एक्सपोर्ट करा. फक्त एक्स्टेन्शन बदलून काहीही होत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. डायलप्लॅनमध्ये (कॉल आल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या ॲस्टेरिस्कच्या सूचनांमध्ये) फाइलचं नाव एक्स्टेन्शनशिवाय लिहा.

आवाज थोडा दबका वाटेल. सेकंदाला ८००० नमुन्यांमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी मावतच नाहीत, त्यामुळे स, श धूसर होतात. म्हणून मूळ रेकॉर्डिंग उत्तम दर्जाचंच करा आणि ते जपून ठेवा. एमपी३ वरून रूपांतर शक्यतो टाळा.