जुन्या शेव्हरोले सी-१० पिकअप ट्रकमध्ये दोन सीट आणि मधला कन्सोल घरी बनवायचा आहे. लेदर कोणतं घेऊ?

तुमचा ट्रक १९७१ चा, त्यातलं सलग बाक काढून दोन सुट्या सीट आणि मध्ये कन्सोल, म्हणजे कप ठेवायची, हात टेकवायची पेटी करायचीय, आणि तुम्ही विचारलंय ते लेदरचं. माझं म्हणणं असं की लेदर इतक्यात घेऊच नका. ते सगळ्यात शेवटी.

मी ओहायोत राहते. माझा सी-१० १९६९ चा, म्हणजे तुमच्याच पिढीतला. कोल्हापुरात माझ्या मामांचं कुशनचं दुकान होतं. रेक्झिन, काथ्या, ट्रकच्या गाद्या यातच माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या, त्यामुळे शिवणाची भीती कधीच नव्हती. म्हणून मी शिवणापासूनच सुरुवात केली आणि ती फार महागात पडली. भंगारातून एका सेडानच्या दोन सीट आणल्या, तपकिरी लेदरची कव्हरं शिवली, कडेने गोट लावला. ट्रकमध्ये ठेवून बसले तर सीट दोन इंच उंच! मांड्या स्टिअरिंगला घासत होत्या. फोम कापून उंची उतरवली, तर कव्हर सैल पडून सुरकुत्या आल्या. कापड असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं. लेदरला सुईचं भोक पडलं की ते कायमचं.

तेव्हा पहिलं काम सांगाड्याचं, आणि त्याच्याही आधी पेट्रोलच्या टाकीचं. १९७२ पर्यंतच्या या ट्रकमध्ये टाकी केबिनमध्येच, बाकाच्या पाठीमागे असते. टाकी नुसती रिकामी करून केबिनमध्ये वेल्डिंग करू नका, कारण आत राहिलेली वाफ पेट्रोलपेक्षा धोक्याची. टाकी पूर्ण बाहेर काढा. ती परत तिथेच बसवणार असाल तर सीटची पाठ फार मागे झुकणार नाही, हे धरूनच सीट निवडा. मी माझी टाकी मागे, चासीच्या दोन रेल्सच्या मध्ये हलवली. खर्च झाला, पण केबिनमधला पेट्रोलचा वास गेला आणि पाठीमागे चांगली ऐसपैस जागा मिळाली.

नव्या गाडीची सीट घेणार असाल तर तिच्या बाजूच्या एअरबॅगकडे नीट बघा. ती काढल्याशिवाय सीटला कात्री लावू नका, आणि तिच्या वायरींना मीटर लावून बघायचं तर नावच नको. पट्टा सीटमध्येच बसवलेला असतो तसली सीटही टाळा. धडकेत पट्ट्याचा सगळा ओढा आपल्या जुन्या फरशीच्या पत्र्यावर येतो, आणि तो पत्रा त्यासाठी बनवलेलाच नाही.

बसवताना नुसता बोल्ट आणि वॉशर पुरत नाही. पत्र्याखाली प्रत्येक बोल्टला तळहाताएवढी जाड पोलादी प्लेट द्या, कडा घासून गोल करा. अमेरिकेच्या २०७ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात सीटच्या वजनाच्या २० पट जोर सहन व्हावा अशी अट आहे. म्हणजे ५० पौंडांच्या सीटला १००० पौंड. घरी ही चाचणी करता येत नाही, पण वेल्डिंग करताना हा आकडा डोक्यात असू द्या. वेल्डिंगचा हात पक्का नसेल तर एवढं काम जाणत्याकडूनच करून घ्या.

आता उघड्या फोमवर जुनी चादर टाकून आठवडाभर गाडी चालवा. मामा म्हणायचे, "आधी माणूस बसव, मग कापड काप." क्लच पूर्ण दाबला की गुडघ्याखाली काय टोचतं, तासाभराने कंबर कुठे दुखते, ते या आठवड्यातच कळतं. खाली घट्ट फोम, वर इंचभर मऊ. विजेवर चालणारी स्वयंपाकघरातली सुरी फोमला सगळ्यात छान कापते.

कन्सोलही असाच. प्लायवूडला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा करा. गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याचा आकार पुठ्ठ्यात थोडा थोडा कापत उतरवायचा, फट दिसेल तिथे चिकटपट्टीने तुकडा जोडायचा. माझा पहिला पुठ्ठा दिसायला झकास होता, पण दुसऱ्या गिअरला दांडा मागे ओढला की कोपर थेट कपातल्या चहावर. कप ठेवायची जागा चार इंच पुढे नेली आणि हात ठेवायची गादी कोपराच्या उंचीला आणली, तेव्हा जमलं. सहा पुठ्ठे झाले. मग अर्ध्या इंची बर्च प्लायवूड, खाली उष्णता अडवणारा थर, वर सीटचंच कापड. कन्सोल चार बोल्टांवर निघेल असा ठेवा, कारण गिअरबॉक्सचं काम कधी ना कधी निघतंच. वायरिंगला कनेक्टर द्या आणि फोनच्या चार्जरला स्वतंत्र फ्यूज.

या ट्रकचा पार्किंग ब्रेक डावीकडे पायाने दाबायचा असतो, म्हणून मधली जागा मोकळी मिळते.

आणि आता लेदर. जुनं कव्हर उसवून त्याचेच तुकडे नमुना म्हणून वापरा, चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडा, जोडाच्या जागी खुणेच्या खाचा मारा. आधी स्वस्त व्हिनाइलवर एक पूर्ण कव्हर शिवून सीटवर चढवून बघा. धागा पॉलिएस्टरचा, नायलॉन उन्हात लवकर कुजतो. मशीन वॉकिंग फूटचं, म्हणजे वरचा पायही कापड पुढे ओढतो असं, नाहीतर वरचा थर सरकतो. पोहायला जाणारी पोरं, कुत्रा किंवा उघड्या खिडक्या असतील तर मी लेदरऐवजी बोटींसाठी मिळणारं व्हिनाइलच सुचवीन. माझ्या सीटवर सध्या तेच आहे, गोट मात्र लेदरचा, त्या वाया गेलेल्या कव्हरांतून कापलेला.