स्टॅबिलायझर की यूपीएस? आधी अर्थिंग बघा

व्होल्टेज सारखं खालीवर होतं, तर कॉम्प्युटरला स्टॅबिलायझर लावू की ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल, असं तुम्ही विचारलंय. यूपीएस घ्या. स्टॅबिलायझर फ्रिजला राहू द्या. लाइट गेल्यावर स्टॅबिलायझर काय करणार? पण तुमचं अर्थिंग कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि आमच्या घरात नेमकी यावरूनच भांडणं झालीत.

आमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. दादाचं म्हणणं, "चप्पल घालून बस." मी मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा पेटला. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायच्या, फिल्टरमध्ये फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) या दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसला की बॉडीवर निम्मं, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी, म्हणून माणूस वाचतो. खाली वाकून बघितलं तर स्पाइक गार्डच्या (झटका अडवणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डाच्या) तीन पिनांच्या प्लगला दादाने दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलेलं, म्हणजे अर्थची पिन तुटलीच! त्या गार्डमधला एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा छोटा भाग, जास्तीचं व्होल्टेज अर्थकडे ढकलणार कसा? शिवाय प्रत्येक झटक्याला तो थोडा थोडा झिजतो. लाल दिवा मात्र पेटलेलाच, आणि दादा त्या दिव्यावर खूश. "स्टॅबिलायझर आहे ना, मग अर्थिंगसाठी कशाला खोदाखोद?"

मग एका संध्याकाळी बल्ब पांढरेफटक झाले, पंखा घरघरायला लागला, स्टॅबिलायझर टक् टक् करत राहिला आणि फट्! एसएमपीएसमधून जळका वास. वायरमन म्हणाला, बाहेर न्यूट्रल तुटलाय. थ्री-फेजच्या लाइनवर असं झालं की २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्टेज घरात येऊ शकतं. मी दादाला म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "स्टॅबिलायझर हलका निघाला." आजही तेच म्हणतो.

तर वायरमनला बोलवून मीटरने मोजून घ्या. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखं हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. पिन तोडू नका, कन्व्हर्टर लावू नका.

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. साध्या मशीनला पुरे, मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर टाकू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल, हे धरूनच चाला.

एक राहिलंच. न्यूट्रल तुटतो तेव्हा चांगलं अर्थिंगही मशीन वाचवत नाही; त्याला मेन बोर्डवर ओव्हर-व्होल्टेजला सप्लाय तोडणारं उपकरण लागतं. म्हणजे त्या संध्याकाळी मी म्हणत होतो तसं अर्थिंग असतं तरी एसएमपीएस गेलाच असता. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.