भट्टीशिवाय, खोलीच्या तापमानाला पक्कं होणारं सिलिकॉन हायब्रिड (म्हणजे सिलिकॉन आणि दुसरं रेझिन मिळून केलेलं) कोटिंग बनवता येतं का?
हो, येतं, पण नुसत्या सिलिकॉन रेझिनने नाही. त्याला बहुधा 200 अंशांच्या आसपास भाजावं लागतं. मेथॉक्सी गट असलेलं सिलिकॉन रेझिन आणि हायड्रोजनेटेड बिस्फेनॉल-ए इपॉक्सी मिसळा, हार्डनर, म्हणजे मिश्रण पक्कं करणारा घटक, म्हणून अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सी सिलेन घ्या. सगळी करामत या सिलेनची आहे. त्याच्या एका टोकाचं अमाइन इपॉक्सीची रिंग उघडून तिला जोडलं जातं. दुसऱ्या टोकाचे इथॉक्सी गट हवेतल्या बाष्पाने फुटतात, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध जुळतात आणि अल्कोहोल उडून जातं. डायब्युटिल टिन डायलॉरेट हा उत्प्रेरक थोडासा टाकला की हा दुसरा भाग वेग घेतो, मात्र तो विषारी आहे, हातमोजे हवेतच. मी कोटिंगच्या लॅबमध्ये फॉर्म्युलेशनचं काम करतो, त्या अनुभवावरून सांगतोय.

अट एकच: हवेत ओलावा हवा. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हेच कोटिंग रेंगाळतं, आणि जाड थर दिला तर खालचा भाग कच्चा राहतो. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं कृपया समजू नका. आठवड्याने एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रावकात भिजवलेलं फडकं घासून बघा. थर मऊ पडला किंवा रंग फडक्यावर उतरला, तर क्युअरिंग, म्हणजे पक्कं होणं, अजून अपुरं आहे.