जुन्या स्विचमधले जुने व्हीलॅन

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो. डिप्लोमा झालाय, आता सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी चालू आहे. सरावासाठी सिस्कोचे दोन जुने २९६० स्विच घेतले. 'राइट इरेज' करून रीलोड केलं तरी आधीच्या मालकाचे 'अकाउंट्स', 'सीसीटीव्ही' हे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्क) दिसतातच. मित्र म्हणतो, स्विच खराब आहे, परत कर. दुसरं म्हणजे, दोन स्विचमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन १० आणि २० नीट चालतात, पण ३० वाढवला की ते दोन्ही बंद पडतात. यातला एक स्विच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांच्या टॉवेल कारखान्यात लावायचा विचार आहे. लावू का?

उत्तर : स्विच परत करू नकोस, तो चांगला आहे. 'राइट इरेज'ने फक्त स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल, पुसली जाते. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, हे त्या कॉन्फिगमध्ये असतं, म्हणून तुझे सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये परत आले असतील, बघ. पण व्हीलॅनचे नंबर आणि नावं फ्लॅश मेमरीतल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहतात. तिला कुणी हातच लावला नाही. 'शो फ्लॅश' दिलंस की ती दिसेल. 'डिलीट फ्लॅश' कमांडने तेवढी एकच फाइल काढ आणि रीलोड कर. रीलोडआधी सेव्ह करू का विचारलं तर 'नो' म्हण. घाईत 'फॉरमॅट फ्लॅश' मात्र देऊ नकोस, त्यात आयओएस, म्हणजे स्विचची ऑपरेटिंग सिस्टीमही जाईल आणि मग दोन दिवस त्यातच मोडतील.

आता ट्रंक. तू कमांड लिहिलेली नाहीस, पण लक्षणांवरून कळतंय : 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं दिलं असणार. ही कमांड यादीत भर घालत नाही, आधीची यादी काढून नवी बसवते. '३०'च्या आधी 'ॲड' हवं. 'अलाउड व्हीलॅन'नंतर थांबून प्रश्नचिन्ह टाकलंस तर 'ॲड', 'रिमूव्ह', 'एक्सेप्ट' हे सगळे पर्याय स्विच स्वतःच दाखवतो. ती सवय आत्ताच लाव.

हे मी इतकं कळवळून सांगतेय, कारण माझ्या हातून हेच झालंय. चादरी-टॉवेलच्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. मे महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसात बसून डिस्पॅचच्या स्विचवर नवा व्हीलॅन द्यायचा होता. 'ॲड' राहिलं. एंटर मारला आणि समोरची खिडकी गोठली, कारण मी ज्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून (स्विच दुरून सांभाळण्यासाठीच्या) आत शिरले होते तोही यादीतून गेला होता. तिकडे बिलं निघेनात, गेटवर भरलेला ट्रक उभा. लॅपटॉप आणि स्विचला थेट जोडायची निळी कन्सोल केबल घेऊन उन्हात अख्खं आवार ओलांडलं. रॅकवर कापसाची धूळ इतकी बसलेली, की कन्सोलचं भोक बोटाने पुसून शोधावं लागलं. ९६०० बॉडवर जोडलं, यादी परत दिली, तेव्हा कुठे बिलं निघायला लागली.

तेव्हापासून दूरच्या स्विचवर ट्रंकला हात लावण्याआधी मी चालू कॉन्फिग सेव्ह करते आणि 'रीलोड इन १०' देते. वाट तुटलीच, तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या स्थितीत येतो. सगळं ठीक असलं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच पुन्हा सेव्ह. मधे सेव्ह केलंस तर चूकच पक्की होईल.

परीक्षेसाठी 'शो इंटरफेसेस ट्रंक' नीट वाचायला शीक. त्यात व्हीलॅनच्या याद्या एकाखाली एक येतात. पहिली, ट्रंकवर परवानगी असलेल्या व्हीलॅनची. दुसरी, त्यातले या स्विचवर खरोखर तयार आणि चालू असलेल्यांची. पहिल्यात ३० आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तू त्या स्विचवर व्हीलॅन ३० बनवायलाच विसरलास. शेवटची यादी स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून वाटा अडवणाऱ्या प्रोटोकॉलने) अडवलं नाही अशा व्हीलॅनची. बिघाड कुठे आहे, हे कुठल्या यादीत नंबर गळाला त्यावरून कळतं. दोन्ही स्विचवर बघायचं, एकावर नाही. मी नव्या मुलांना आधी मुद्दाम मोडलेली ट्रंक देते आणि कॉन्फिग न उघडता फक्त या याद्यांवरून दोष सांगायला लावते.

मामांकडे न्यायच्या आधी 'शो व्हीटीपी स्टेटस' बघ. व्हीटीपी म्हणजे व्हीलॅनची यादी एका स्विचवरून दुसऱ्यांवर पोचवणारा प्रोटोकॉल. जुन्या स्विचमध्ये व्हीटीपीचं डोमेन (गटाचं नाव) आणि रिव्हिजन नंबरही (यादी बदलेल तसा वाढणारा आकडा) 'व्हीलॅन डॉट डॅट'मध्येच राहतात. मामांकडे व्हीटीपी चालू असेल, डोमेन आणि पासवर्ड जुळले आणि तुझ्या स्विचचा रिव्हिजन नंबर मोठा निघाला, तर ट्रंकला जोडताच त्यांच्या स्विचवरचे व्हीलॅन पुसले जाऊन तुझे बसतील. रिव्हिजन ० दिसू दे, मोड 'ट्रान्स्परंट' कर, म्हणजे तो आपली यादी दुसऱ्यांवर लादणार नाही, आणि रविवारी यंत्रमाग बंद असताना लावायला जा.