कार्ड तेच, बाजू दुसरी: मॅजिकमधल्या उलटणाऱ्या कार्डांविषयी प्रश्नोत्तरे

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ १९९३ साली आला. पुढे चित्र आणि मजकूर, मागे सगळ्या कार्डांची एकसारखी तपकिरी पाठ, ही रचना कितीतरी वर्षं कायम होती. सप्टेंबर २०११ मध्ये ‘इनिस्ट्राड’ हा भुताखेतांचा आणि वेअरवुल्फचा संच आला आणि त्यातल्या काही कार्डांना पाठच नव्हती. दोन्हीकडे छपाई, एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला तोच माणूस लांडगा होऊन. तेव्हापासून ही कार्डं पुन्हा पुन्हा येत राहिली आहेत आणि त्यांच्यावरून होणारे वादही.

आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरं देतो आहे. टेबलावर कुठेही अडलात तर आधी एवढंच बघा: कार्ड बॅटलफील्डवर (टेबलावर उतरवलेली कार्डं असतात ती जागा) होतं तिथेच उलटलं, की तिथून बाहेर जाऊन परत आलं? निम्म्याहून जास्त भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न: पहिल्या टर्नला ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’ टाकला. दुसऱ्या टर्नच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्याला) तो उलटून ‘इन्सेक्टाइल अ‍ॅबरेशन’ झाला. मित्र म्हणतो, हा नवा क्रीचर आहे, त्याला समनिंग सिकनेस आहे, आज हल्ला करता येणार नाही. खरं का?

नाही. बिनधास्त हल्ला करा. तुमचा डेल्व्हर मागच्या टर्नपासून तिथेच आहे. त्याचं नाव, चित्र, ताकद बदलली. तो बॅटलफील्डवर नव्याने आलेला नाही. म्हणून समनिंग सिकनेस नाही आणि ‘क्रीचर बॅटलफील्डवर येईल तेव्हा’ असं लिहिलेले कोणाचेही ट्रिगर (आपोआप सुरू होणारे परिणाम) उडत नाहीत. त्याच्यावर +१/+१ चा काउंटर असेल तर तो तसाच राहतो, म्हणजे ३/२ (ताकद ३, आणि मरायला लागणारा डॅमेज म्हणजे टफनेस २) ऐवजी ४/३ चा उडणारा किडा मिळतो. इक्विपमेंट लावलेलं असेल तर तेही लागलेलंच राहतं. आडवं केलेलं (टॅप, म्हणजे वापरून झालेलं) कार्ड आडवंच उलटतं.

डेल्व्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण एका निळ्या मॅनामध्ये (कार्ड टाकताना खर्च करायची शक्ती) मिळणारा हा १/१ अनेक वर्षं जुनी कार्डं चालणाऱ्या खेळप्रकारांत (फॉरमॅटमध्ये) अख्ख्या डेकांना स्वतःचं नाव देऊन बसला आहे. अपकीपला त्याचा ट्रिगर स्टॅकवर (घडण्याची वाट बघणाऱ्या परिणामांच्या चळतीवर; वरचा आधी घडतो) जातो. तो रिझॉल्व्ह होताना (घडताना) तुम्ही लायब्ररीतलं (न ओढलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं) सर्वांत वरचं कार्ड बघता आणि हवं तर दाखवता. दाखवलेलं कार्ड इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदाच परिणाम करून संपणारे स्पेल) असेल तर डेल्व्हर उलटतो. बघणं आणि उलटणं यांच्या मधे कुणालाही काही टाकता येत नाही. समोरच्याला डेल्व्हर १/१ असतानाच मारायचा असेल तर ट्रिगर स्टॅकवर आहे तेव्हाच मारायला हवा. तुम्ही कार्ड उचलून बघितलंत की त्याची वेळ गेली. आणि बघितलेलं कार्ड वरच राहतं, त्याच टर्नला तुमच्या हातात येतं. ते दाखवायचं नसेल तर दाखवू नका, सक्ती नाही.

६० कार्डांच्या डेकमध्ये २४ इन्स्टंट-सॉर्सरी असतील तर एका अपकीपला उलटण्याची शक्यता ४० टक्के, दोन अपकीप मिळून सुमारे ६४ टक्के. ‘पॉंडर’सारखं वरची कार्डं लावून देणारं काही हाताशी असेल तर हा हिशोब फारच सुधारतो. वीसपेक्षा कमी स्पेल असलेल्या डेकात मी तरी डेल्व्हर घालणार नाही.

प्रश्न: ‘झेंडिकर रायझिंग’मधली एका बाजूला स्पेल आणि दुसऱ्या बाजूला लँड (मॅना देणारी जमीन) असलेली कार्डं डेल्व्हरने दाखवली तर चालतात का?

चालतात, आणि फार छान चालतात. हात, लायब्ररी, ग्रेव्हयार्ड (मेलेली आणि वापरून झालेली कार्डं जातात ती जागा) या ठिकाणी दोन बाजूंच्या कार्डाची फक्त पुढची बाजू मोजली जाते. ‘ज्वारी डिसरप्शन’ची पुढची बाजू इन्स्टंट आहे, म्हणून डेल्व्हर उलटतो, मग तेच कार्ड हातात आल्यावर लँडची गरज असेल तर लँड म्हणून उतरवा. उलट लायब्ररीतून लँड शोधून आणणाऱ्या स्पेलने ते कार्ड आणता येत नाही. २०२० मध्ये आलेली ही कार्डं वेगळ्या जातीची आहेत हेही लक्षात असू द्या. त्यांची बाजू टाकतानाच निवडायची असते. ज्वारीचं लँड एकदा उतरलं की ते लँडच.

प्रश्न: माझा ‘रॅव्हेजर ऑफ द फेल्स’ हा वेअरवुल्फ ४/४ होता. मागच्या टर्नला दोन स्पेल पडल्यामुळे अपकीपला तो परत माणूस होणार होता. तेवढ्यात समोरच्याने ‘लाइटनिंग बोल्ट’ मारला. तीन डॅमेजने ४/४ मरत नाही ना? मग तो का मेला? आणि मला लांडगा मिळायला हवा होता का?

मेला हे बरोबर, आणि लांडगा मिळायलाच हवा होता. नीट बघू.

उलटण्याचा ट्रिगर स्टॅकवर आहे. बोल्ट त्याच्या वर आला, आधी रिझॉल्व्ह झाला. रॅव्हेजरवर तीन डॅमेज, पण तो ४/४, म्हणून जिवंत. आता खालचा ट्रिगर रिझॉल्व्ह होतो, कार्ड उलटतं आणि ‘हंटमास्टर ऑफ द फेल्स’ होतं, २/२. डॅमेज पुसला गेलेला नाही, कारण क्रीचर तोच आहे. डॅमेज टर्नच्या शेवटीच जातो. दोन टफनेसवर तीन डॅमेज, म्हणजे तो ताबडतोब ग्रेव्हयार्डात. पण मरण्याआधी तो हंटमास्टरमध्ये उलटला, हे घडून गेलं आहे. त्याच्यावर लिहिलं आहे की तो बॅटलफील्डवर येईल किंवा हंटमास्टरमध्ये उलटेल तेव्हा २/२ चा लांडगा आणि दोन लाइफ. तो ट्रिगर उडालेला आहे, हंटमास्टर नंतर असो वा नसो. दोन्ही गोष्टी तुमच्या हक्काच्या होत्या.

खरं तर तुमच्या प्रतिस्पर्ध्याला घाई करायची गरज नव्हती. उलटून २/२ झाल्यावर बोल्ट मारला असता तरी हेच झालं असतं. घाई करायची ती उलट दिशेला. समोरच्याचा हंटमास्टर २/२ आहे आणि रॅव्हेजर होणार आहे, तेव्हा ट्रिगरला उत्तर म्हणून बोल्ट मारा. नाहीतर तो ४/४ होतो, शिवाय उलटताना तुम्हाला दोन आणि तुमच्या एका क्रीचरला दोन डॅमेज देतो.

प्रश्न: ‘आर्केंजल अ‍ॅव्हासिन’ असताना माझे दोन सैनिक एकाच टर्नला मेले. पुढच्या अपकीपला दोन ट्रिगर आले. पहिल्याने ती उलटली. दुसऱ्याने परत सरळ होणार का?

नाही. ती एकदाच उलटते आणि ‘अ‍ॅव्हासिन, द प्युरिफायर’च राहते. असा उशिरा येणारा ट्रिगर जन्माला आल्यानंतर कार्ड एकदा उलटलेलं असेल, तर तो ट्रिगर त्याला पुन्हा उलटवत नाही. स्टॅकवर एकाच क्षमतेच्या दोन प्रती असल्या तरी हाच न्याय: आपण स्टॅकवर गेल्यानंतर कार्ड उलटलं आहे का, हे प्रत्येक प्रत बघते. हा नियम नसता तर अशी कार्डं टेबलावर नुसती गिरक्या घेत बसली असती.

दोन गोष्टी नवशिके विसरतात. ‘पुढचा अपकीप’ म्हणजे कोणाचाही. तुमच्या टर्नला सैनिक मेले तर ती समोरच्याच्या अपकीपला उलटेल. आणि उलटताना ती देते तो तीन डॅमेज प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला आणि *बाकीच्या सगळ्या* क्रीचरना बसतो, तुमच्याही. अपकीपच्या आत अ‍ॅव्हासिन बॅटलफील्डवरून जाऊन परत आली, तर मात्र ती नवी अ‍ॅव्हासिन. जुन्या ट्रिगरचा तिच्याशी संबंध नाही.

प्रश्न: कमांडरमध्ये (एक लेजंडरी क्रीचर डेकाचा नायक असतो आणि डेकात त्याच्याच रंगांची कार्डं चालतात, त्या खेळप्रकारात) अ‍ॅव्हासिन कमांडर असेल तर डेकात लाल कार्डं चालतात का? तिच्या कॉस्टमध्ये तर फक्त पांढरा आहे.

चालतात. रंगओळख ठरवताना दोन्ही बाजू धरतात. मागच्या बाजूला कॉस्ट नसतं, म्हणून तिथे चित्राखालच्या ओळीत एक छोटा रंगीत ठिपका छापतात. द प्युरिफायरचा ठिपका लाल आहे. म्हणजे तिची ओळख पांढरी-लाल. उलट मागच्या बाजूला लेजंडरी क्रीचर आहे एवढ्यावर कार्ड कमांडर होत नाही. ‘वेस्टव्हेल अ‍ॅबी’च्या मागे ऑर्मेंडाल आहे, पण पुढची बाजू लँड, म्हणून नाही.

प्रश्न: ऑर्मेंडाल उतरला की आमच्या ग्रुपमध्ये सगळे हात टेकतात. ९/७, फ्लायिंग, लाइफलिंक (डॅमेज देताना मालकाला तेवढी लाइफ), इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट होत नाही). काही स्वस्त उपाय?

एक पांढरा मॅना. ‘पोर्टेबल होल’ हे आर्टिफॅक्ट येताना प्रतिस्पर्ध्याचं मॅना व्हॅल्यू (कार्डाची एकूण मॅना किंमत) २ किंवा कमी असलेलं, लँड नसलेलं एक परमनंट (टेबलावर टिकून राहणारं कार्ड) एक्झाइल, म्हणजे डावाबाहेर, करतं. उलटलेल्या कार्डाची मॅना व्हॅल्यू त्याच्या पुढच्या बाजूवरून मोजतात. ऑर्मेंडालची पुढची बाजू लँड आहे, लँडची मॅना व्हॅल्यू शून्य, म्हणून हा अवाढव्य राक्षसही शून्याचाच. आणि उलटल्यावर तो लँड राहिलेला नसतो. पाच क्रीचरचा बळी देऊन आणलेला राजपुत्र एका मॅनाच्या भोकात जातो. पुढे ते होल फुटलं तर तो परत येतो, पण पुढची बाजू वर करून, म्हणजे साधं अ‍ॅबी होऊन. हा उपाय ज्या फॉरमॅटमध्ये दोन्ही कार्डं चालतात तिथे नक्की वापरा.

प्रश्न: ‘क्लोन’ने उलटलेल्या कार्डाची कॉपी केली तर?

क्लोन समोर दिसणारी बाजू घेतो. रॅव्हेजरची कॉपी केली तर तुमच्याकडे रॅव्हेजर आला, पण क्लोनच्या स्वतःच्या कार्डाला दुसरी बाजू नाही, म्हणून तो उलटू शकत नाही. वेअरवुल्फच्या बाबतीत हे वरदान आहे: समोरच्याने टर्नमध्ये दोन स्पेल टाकले तरी तुमचा लांडगा लांडगाच. त्याची मॅना व्हॅल्यू मात्र शून्य, खऱ्या रॅव्हेजरची चार. टोकनचं (कार्डाऐवजी ठेवलेल्या खुणेचं) वेगळं. आत्ताच्या नियमांनुसार अशा कार्डाच्या कॉपीचं टोकन दोन्ही बाजू घेऊन येतं, मूळ कार्डाची जी बाजू वर असेल तीच वर ठेवून येतं, आणि उलटूही शकतं.

प्रश्न: ‘जेस, व्रिन्स प्रॉडिजी’ प्लेन्सवॉकर (लॉयल्टी नावाच्या गुणांवर क्षमता चालवणारं कार्ड) झाला की त्याच टर्नला लॉयल्टी क्षमता वापरता येते का? तो तर त्या टर्नला टॅप झालेला असतो.

येते. २०१५ च्या ‘मॅजिक ओरिजिन्स’मधला हा जेस डेल्व्हरसारखा जागच्या जागी उलटत नाही. त्याला टॅप करून एक कार्ड ओढता, एक टाकता. आत्ता टाकलेलं धरून ग्रेव्हयार्डात पाच कार्डं झाली असतील तर तो एक्झाइल होतो आणि दुसरी बाजू वर करून परत येतो. तो बाहेर जाऊन आला आहे. म्हणून काउंटर, ऑरा (कार्डाला जोडलेली जादू) सगळं गळतं, तो उभा आणि पाच लॉयल्टीसह येतो. तुमच्या मेन फेजला त्याची एक क्षमता वापरा.

इथेच क्लोनचा एक घातक सापळा आहे. क्लोन जेस झाला आणि पाच कार्डांची अट पूर्ण झाली, की तो एक्झाइल होतो. पण दुसरी बाजू नसलेलं कार्ड उलटून परत येऊ शकत नाही, म्हणून तिथेच राहतं. क्लोन गेला.

प्रश्न: जुने आणि नवे वेअरवुल्फ एकाच डेकात ठेवलेत. कधी हे उलटतात, कधी ते. गोंधळ होतो.

होणारच, कारण ते दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात.

२०११-१२ चे वेअरवुल्फ, समजा ‘मेयर ऑफ अ‍ॅव्हाब्रक’, प्रत्येक अपकीपला विचारतात: मागच्या टर्नला *कोणीच* स्पेल टाकला नाही का? नसेल टाकला तर लांडगा. परत माणूस होण्यासाठी मागच्या टर्नला कोणा एका खेळाडूने दोन किंवा जास्त स्पेल टाकलेले लागतात. हे ट्रिगर आहेत, स्टॅकवर जातात, त्यांना उत्तर देता येतं.

सप्टेंबर २०२१ च्या ‘मिडनाइट हंट’पासूनच्या डेबाउंड-नाइटबाउंड (दिवसा एक बाजू, रात्री दुसरी) कार्डांसाठी अख्ख्या डावात एकच दिवस किंवा एकच रात्र असते. पहिलं डेबाउंड कार्ड आलं की दिवस सुरू. मग प्रत्येक टर्नच्या अनटॅप स्टेपला, कार्डं उभी करण्याआधी, बघायचं: मागची टर्न ज्याची होती *त्याने* काही टाकलं का? काहीच नाही तर रात्र. रात्र असताना त्याने दोन किंवा जास्त टाकले तर दिवस. यात स्टॅक नाही, उत्तर नाही. सगळे एकदम उलटतात. रात्री उतरलेलं डेबाउंड कार्ड थेट लांडगा होऊनच येतं. आणि शेवटचं डेबाउंड कार्ड मेलं तरी दिवस-रात्र डाव संपेपर्यंत चालूच राहतात, हे बरेच जण विसरतात.

आता तुमचा गोंधळ: तुम्ही काहीही न टाकता टर्न सोडली, पण समोरच्याने तुमच्या टर्नला एक इन्स्टंट टाकला. नवे उलटतील, कारण टर्न तुमची होती आणि तुम्ही गप्प होता. मेयर उलटणार नाही, कारण कोणीतरी स्पेल टाकला.

मला स्वतःला जुनी पद्धत जास्त आवडते. प्रत्येक इन्स्टंट कधी टाकावा याचा दोघांनाही विचार करावा लागतो. पण नव्या पद्धतीत डाव पटकन वाचता येतो, हे मान्य करायलाच हवं. दोन्ही एकत्र ठेवायचे असतील तर ‘टोव्होलार, डायर ओव्हरलॉर्ड’ घ्या. तुमच्या अपकीपला तीन लांडगे किंवा वेअरवुल्फ असतील तर तो रात्र करतो आणि तुमच्या हव्या त्या ह्यूमन वेअरवुल्फना उलटवतो, म्हणजे मेयरलाही.

प्रश्न: ही कार्डं डेकात ठेवायची कशी? पाठ नसल्याने लगेच ओळखू येतात.

सगळा डेक अपारदर्शक स्लीव्हमध्ये, किंवा बदली कार्ड. बदली कार्डाची पाठ नेहमीची असते; त्यावर खऱ्या कार्डाचं नाव लिहून ते डेकात घालायचं आणि खरं कार्ड बाजूला ठेवायचं. बदली कार्ड टाकलंत की खरं कार्ड टेबलावर आणा. स्लीव्ह वापरत असाल तर मागची बाजू अजिबात दिसत नाही ना, हे दिव्याखाली धरून बघा, आणि उलटताना कार्ड स्लीव्हमधून काढून फिरवा. एक जादा पारदर्शक स्लीव्ह जवळ ठेवलंत तर उलटलेलं कार्ड तेवढ्या वेळापुरतं त्यात ठेवता येतं आणि कडा खराब होत नाहीत.