अमोनियाची चाहूल घेणारे नॅनोतंतू

प्रश्न : आमच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती शोधण्यासाठी आजही गंधकाची कांडी पेटवून पाइपांच्या सांध्यांजवळ फिरवतात. कार्बन नॅनोट्यूब मिसळलेल्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून वायू ओळखणारे सेन्सर तयार होतात, असे वाचनात आले. हे तंतू कसे बनतात, त्यांना वायू कसा कळतो आणि किनारपट्टीवर त्यांचा भरवसा धरता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जळत्या गंधकाचा वायू अमोनियाला भेटला की पांढरा धूर उठतो, त्यामुळे गळतीची नेमकी जागा सापडते. ही जुनी पद्धत खरीच आहे. पण कोणी कांडी घेऊन फिरेल तेव्हाच ती कामाची, रात्रंदिवस पहारा तिच्याने होत नाही. नाकावर विसंबणेही धोक्याचे, कारण ते या वासाला लवकर सरावते.

तंतू बनवण्यासाठी पॉलिमर द्रावकात विरघळवतात. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या; एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, म्हणून त्या श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींनी मोकळ्या करून द्रावणात मिसळतात. हे द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला साधारण 10 ते 25 हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. शेवेच्या सोऱ्यात पीठ दाबाने बाहेर पडते. इथे मात्र सुईच्या टोकावरचा थेंब विद्युतक्षेत्राने ओढला जाऊन शंकूसारखा होतो आणि त्याच्या टोकातून बारीक धार सुटते. या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये मांडले, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. समोरची, तंतू झेलणारी पट्टी जेमतेम 10 ते 20 सेंटिमीटरवर असते, पण तेवढ्या अंतरात धार चाबकासारखी वळवळत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि काहीशे नॅनोमीटर जाडीचे तंतू पट्टीवर जाळीसारखे पसरतात. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. अशा विरळ जाळीत वायूला आत शिरायला वाट मिळते आणि टेकायला भरपूर पृष्ठभागही मिळतो.

बहुतेक पॉलिमर विजेला रोधतात. थोड्याशा नॅनोट्यूब त्यांच्यातून विजेची वाट तयार करतात. अमोनियाचे रेणू नॅनोट्यूबला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे तिच्यातील वीज वाहून नेणारे धनभारवाहक घटतात आणि रोध वाढतो. नॅनोट्यूबचा हा गुण स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजिए दाई यांच्या गटाने 2000 मध्ये साध्या खोलीच्या तापमानाला दाखवला. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण टिन ऑक्साइडचे प्रचलित सेन्सर सहसा 200 ते 400 अंश सेल्सिअसला तापवावे लागतात. तंतूंत पॉलिअनिलिन हे वीजवाहक पॉलिमर असेल, तर अमोनिया त्यातील प्रोटॉन काढून घेतो आणि रोध आणखी वाढतो; मोकळी हवा मिळाली की हा बदल बऱ्याच अंशी उलटतो. नुसत्या नॅनोट्यूबवरून मात्र वायू फार सावकाश सुटतो.

आता भरवशाचे. आपल्याकडची खरी अडचण दमटपणाची आहे. पाण्याची वाफ पॉलिमरमध्ये शिरून त्याला फुगवते, नॅनोट्यूबमधील अंतर बदलते आणि पॉलिअनिलिनची वाहकताही बदलते. त्यामुळे पावसाळ्यात अमोनिया नसतानाही आकडा सरकू शकतो. पीव्हीडीएफसारखे पाणी न धरणारे पॉलिमर वापरून किंवा शेजारी आर्द्रतामापक बसवून दुरुस्ती करता येते, पण दोष पूर्ण जात नाही. दुसरी अडचण खास तुमच्या धंद्यातली. मासळी शिळी होऊ लागली की तिच्यातून ट्रायमिथाइल अमिन निघते. तेही अमोनियासारखेच अल्कधर्मी असल्याने पॉलिअनिलिनला दोघांतला फरक नीट कळत नाही. म्हणून कारखान्याला लागून मासळीचा धक्का असेल, तर खोटी घंटा वाजण्याची शक्यता धरूनच चालावे.

माझे स्पष्ट मत असे की, माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा धोक्याच्या घंटेसाठी आज तरी प्रमाणित विद्युत-रासायनिक (वायूच्या रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणारा) सेन्सरच घ्यावा. नॅनोतंतूंचा सेन्सर कमी विजेवर चालतो, म्हणून जोडीला लावून पाहायला हरकत नाही. मात्र 90 टक्के आर्द्रतेत त्याची चाचणी झाली आहे का आणि वायू गेल्यावर तो किती वेळात मूळ आकड्यावर येतो, हे विक्रेत्याला लेखी विचारा. हवेत 300 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग) अमोनिया जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो, तर दिवसाच्या दहा तासांपर्यंतच्या कामासाठी अमेरिकेतील निऑश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची शिफारस 25 पीपीएमची आहे. म्हणून सेन्सरला 25च्या आसपासचे प्रमाण खात्रीने ओळखता आले पाहिजे. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने एक सेन्सर कॉम्प्रेसरच्या वर छताजवळ असावा. द्रवरूप अमोनिया दमट हवेत बाहेर पडला तर त्याचे थंड, जड धुके जमिनीलगत पसरते, म्हणून दुसरा खालीही हवा.